बिनखिडकीचं मैदान

१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
नमस्कार.

शनिवारी सकाळी मी काय केलं ते आधी सांगतो, मग तुला काय रागवायचं ते रागव. नेहमीसारखा उजाडायच्या आत उठलो, आंघोळ केली आणि देवापुढे बसलो. एरवी मी काही मागत नाही. सामना असला की फक्त एवढंच म्हणतो की तोंडून वेडंवाकडं जाऊ देऊ नकोस. त्या दिवशी डोळे मिटले तर देवाऐवजी तुझी गिरणीच समोर आली. फिरणारा पट्टा, भिंतीला टेकवलेले डबे, आणि भुवयांपर्यंत पिठानं पांढरी झालेली तू. म्हटलं, आज आपल्याकडचा सामना, आज ताई टीव्हीपुढून हलायची नाही. हिनं विचारलं, हसताय काय देवापुढे?

काल तुझं पत्र मिळालं. "दारावरून गेलास आणि डोकावलाही नाहीस" हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. ताई, नवं मैदान तुझ्यापासून बसनं तासाभरावर आहे हे मला का ठाऊक नाही? पण आम्हा कॉमेंट्रीवाल्यांचं जाणं-येणं आमच्या हातात नसतं. पाहुण्यासारखे जातो आणि सामानासारखे परत येतो. शेवटची शिट्टी झाली की गाडीत घालतात, गाडी थेट परतीच्या रस्त्याला. तू अंथरूण घालून ठेवलं होतंस हे वाचून जेवण गेलं नाही.

हिच्यामुळे आलो नाही असा जो तू टोमणा मारला आहेस, तो मात्र परत घे. तिचा यात काही दोष नाही.

तुझा
भोंग्या

२० फेब्रुवारी

चि. भोंग्यास,
आशीर्वाद.

टोमणा परत घेतला. भावजयीला सांग, नणंद म्हातारी झाली, तोंडाला कुलूप राहिलं नाही.

फोन का करत नाहीस असं शेजारीण मला विचारते. तिला म्हटलं, फोनवर तो कॉमेंट्री करतो, पत्रात बोलतो. लहानपणी अंगणात दोन कोंबड्या भांडल्या तरी तू भिंतीवर चढून ओरडून सांगायचास, म्हणून तर बाबांनी तुझं नाव भोंगा पाडलं. आता सगळं जग ऐकतं. गिरणीत दळण घेऊन आलेली माणसं सामना लागला की डबा विसरतात. आज तुमचा भाऊ कुठल्या मैदानावर, असं विचारतात आणि मीही छाती फुगवून सांगते.

बरं, त्या दिवसाचं जरा नीट सांग की. तुम्हाला बसायला कुठे देतात? सावली होती का? हवा कशी होती? तू म्हणालास, इथे पूर्वेकडून छान झुळूक येते आहे. ऐकून बरं वाटलं. मैदानाच्या दारावर रखवालदार कसा होता, त्यानं नीट सोडलं का? मोठ्या माणसांना विचारत नसतील म्हणा. म्हातारीला उगीच चौकशा. सवडीनं लिही.

ताई

२७ फेब्रुवारी

ती. ताईस,
नमस्कार.

तुझ्या चौकशांनी बरं वाटलं. राग गेला म्हणायचा.

आम्हाला वरच्या मजल्यावर काचेची खोली देतात. समोर अख्खं मैदान. काच सरकवून ठेवली होती, त्यामुळे झुळूक थेट तोंडावर. सावली भरपूर. गवत नुकतंच कापलेलं होतं, त्याचा वास वरपर्यंत येत होता. रखवालदार भला माणूस. माझा आवाज ओळखून त्यानं सलामच ठोकला.

माझ्या शेजारी एक जुना गोलकीपर बसतो. मी चेंडू सांगतो, तो खेळातलं मर्म सांगतो. मोठा विनोदी आहे. म्हणतो, जन्मभर जाळीपुढे उभं राहून कंटाळलो म्हणून इथे आलो, तर इथे बसूनही गोल अडवता येत नाहीत, नुसते मोजायचे.

एक बातमी. नव्या मुलामुलींना शिकवायचं काम माझ्याकडे दिलं आहे. गावच्या शाळेत बाकावर उभा राहणारा मी आता फळ्यापुढे उभा राहणार. आई असती तर तिला खरं वाटलं नसतं.

तुझा
भोंग्या

१५ मार्च

भोंग्या,

तुझं पत्र आल्यापासून मी ते गिरणीच्या फळीवर ठेवलं होतं. रोज वाटायचं, आज उत्तर लिहू. मग वाटायचं, जाऊ दे, माणसाला त्याची अब्रू असते. आज लिहिते.

त्या शनिवारी मी टीव्हीपुढे नव्हते. मी मैदानावर आले होते.

तू येणार नाहीस हे मला सवयीनं माहीत होतं. म्हटलं, आपणच जाऊ. सकाळी गिरणी बंद केली. तुझ्या आवडीचं करून डबा भरला, नवं लुगडं नेसले आणि बसनं गेले. ही गर्दी! फेब्रुवारीतच ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं आणि झाडाचं पान हलत नव्हतं. दारावर रखवालदार होता, त्याला म्हटलं, आत माझा भाऊ आहे, टीव्हीवर बोलतो तो, त्याला एवढा डबा द्या. त्यानं कुणालातरी विचारलं, कुणीतरी आणखी कुणाला. मग तो परत आला आणि हळूच म्हणाला, मावशी, इथे नुसते कॅमेरे येतात, बोलणारे कोणी येत नाहीत.

मी त्याला म्हटलं, बाबा, तुझी चूक होते आहे.

समोर एक विजेच्या सामानाचं दुकान आहे. त्याच्या टीव्हीवर तू बोलत होतास. मी रस्त्याच्या कडेला घाम पुसत उभी, आणि तू सांगत होतास की इथे पूर्वेकडून छान झुळूक येते आहे. दुकानदार मला म्हणाला, आजी, बरं वाटत नाही का? बसा.

डबा रखवालदाराला दिला. त्यानं तिथेच खाल्ला आणि मीठ कमी आहे म्हणाला.

मग मी तुला ते प्रश्न विचारले. वाटलं होतं, तू सांगशील. तू काच सरकवलीस, गवत कापलंस, त्या बिचाऱ्या रखवालदाराला सलाम करायला लावलास. भोंग्या, मी तुझं तोंड धुतलं आहे. तू कुठे असतोस?

ताई

२ एप्रिल

ती. ताईस,

पत्राला उशीर झाला. लिहिलं नाही असा दिवस गेला नाही, पण लिहिलेलं सगळं मला कॉमेंट्रीसारखं वाटायचं. म्हणून साधं लिहितो.

मी एका खोलीत असतो. माझ्या घरापासून चालत जाता येतं. इमारतीच्या तळमजल्यावर एकापुढे एक अशा बऱ्याच खोल्या आहेत, त्यातली एक माझी. तुझ्या गिरणीच्या निम्मी असेल. खिडकी नाही. भिंतींना काळा स्पंज लावला आहे, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. पंखा आहे, पण लावत नाहीत, त्याची घरघर माइकमध्ये शिरते. समोर पडदा, कानावर हेडफोन, शेजारी गोलकीपर. कानात मैदानाचा गलका सोडतात म्हणजे आमचा आवाज आपोआप चढतो. कॅमेरा जिकडे बघेल तिकडे मी बघतो. त्यानं मान वळवली की माझी मान वळते. त्याच गलक्यात आमचा निर्माता दुसऱ्या खोलीतून सूचना देतो. आम्ही त्याला पाठीमागे 'कानातला' म्हणतो. सामना सुरू होताना आणि मध्यांतरानंतर हवेचं एक वाक्य बोलायचं असा नियम आहे. त्या दिवशी फोनमध्ये बघून त्यानं सांगितलं, पूर्वेचा वारा. मी तो सोडला.

पूर्वी मी खरोखर जात असे, ताई. पत्र्याच्या मचाणावर बसून सामने सांगितले आहेत. एकदा मधमाश्या उठल्या तेव्हा टेबलाखालून सांगितला होता, ते तुला ठाऊकच आहे. मग साथीचं ते वर्ष आलं. सगळं बंद, म्हणून तात्पुरतं खोलीतून सांगा म्हणाले. साथ गेली, तात्पुरतं राहिलं. बाहेर कळता कामा नये, मैदानावर आहोत असंच बोलायचं, घरच्यांनाही सांगायचं नाही. हिला कळलं, कारण मी रोज संध्याकाळी घरी यायला लागलो. तुला मी खोटं असं सांगितलं नव्हतं, नुसतं सांगितलं नव्हतं. पण तू एकदा पत्रात विचारलंस, तिकडे जेवणाचे हाल होत नाहीत ना? मी लिहिलं, नाही. मग तिकडचं जेवण रचावं लागलं, मग तिकडची माणसं.

सोडून का देत नाहीस, असं तू विचारशील. मी पन्नाशीला आलो. दुसरे खेळतात आणि मी बोलतो, याशिवाय मला काही येत नाही. आणि काय सांगून सोडू? मी इतकी वर्षं तिथे नव्हतो, असं? मग मधमाश्यांवरही कोण विश्वास ठेवील? ही म्हणते, चेंडू खरा, गोल खरा, तुम्ही बसता कुठे याच्याशी लोकांना काय करायचंय? तिचंही चुकत नाही. पण परवा वर्गात एका मुलीनं विचारलं, सर, खोलीत बसून वारा कसा सांगायचा? आणि मी तिला शिकवलं, ताई. आधी गवताकडे बघ, मग झेंड्याकडे, मग आवाज जरा सैल सोड, म्हणजे वारा लागल्यासारखा वाटतो. तिनं पहिल्याच वेळी इतकं छान म्हटलं की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

सकाळी देवापुढे बसतो तेव्हा आता काही सुचत नाही. त्याला माझा पत्ता माहीत आहे, एवढंच बरं वाटतं.

तुझ्या डब्याबद्दल लिहिण्याची माझी हिंमत नाही.

तुझा
भोंग्या

१० मे

चि. भोंग्यास,

तुझं पत्र वाचलं त्याच दिवशी उत्तर लिहिलं होतं. त्यात तुला भरपूर शिव्या होत्या आणि शेवटी, झालं गेलं विसर, पोटाला नीट खात जा, असं होतं. टाकायचं राहिलं. मग परवाचा सामना झाला आणि ते मी चुलीत घातलं.

आमच्या शेजारणीचा नवरा, सुतारकाम करतो तो, परवा त्याच नव्या मैदानावर सामना बघायला गेला होता. शेजारीण आमच्याकडे बसली होती. तिच्याकडेही टीव्ही आहे, पण तुझा सामना ती माझ्याबरोबर बघते, मी मालकीण असल्यासारखी. मध्यांतर संपलं आणि पडद्यावर एका बाजूला धुरळा उठलेला दिसला. माणसं एकदम उभी राहिली, कसलंतरी लोखंड वाजलं. लगेच कॅमेरा खेळाडूंकडे वळला. ती म्हणाली, काय झालं हो? आणि तू बोललास. "एका भागात प्रेक्षकांची थोडी हालचाल दिसते आहे, पण काळजीचं कारण नाही, इथे सगळं शांत आहे."

ती नवऱ्याला फोन लावत होती. लागत नव्हता. जाऊ का, असं तिनं विचारलं. बस मिळाली असती. मी तिच्याकडे बघितलं. मला ठाऊक होतं की तू तिथे नाहीस, तुला काही दिसत नाही. हे एकच वाक्य मला बोलायचं होतं. पण मग गिरणीवर, वाण्याकडे, सगळीकडे मी इतकी वर्षं जे सांगत आले त्याचं काय? मी म्हटलं, अगं, माझा भाऊ तिथे बसला आहे. त्यानं बघितलं असेल, म्हणून तर सांगतोय. ती म्हणाली, हो, तेही खरं. आणि बसली.

कठडा तुटला होता, भोंग्या. सुतार खाली पडला, त्याच्यावर माणसं पडली. मांडीचं हाड मोडलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात जमिनीवर पडून होता, जवळ कोणी नाही, पाणी द्यायला नाही. दिवेलागणीला निरोप आला तेव्हा ती गेली. जीव वाचला. पाय पहिल्यासारखा होईल असं डॉक्टर म्हणत नाहीत.

आल्यावर ती मला म्हणाली, तुमच्या भावाला तरी कसं कळणार, एवढ्या गर्दीत? तुझीच बाजू घेत होती. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

तू माझ्याशी खोटं बोललास ते मी गिळलं होतं. बहिणी गिळतात. आता मी दुसऱ्याच्या बायकोशी तेच खोटं बोलले आहे आणि ती रोज सकाळी मला भेटते. तू काय कर ते मी सांगत नाही. मला तर माझ्याच दाराबाहेर पडवत नाही, तुला काय सांगू?

ताई

६ जून

ती. ताईस,
नमस्कार.

हे पत्र मी दुपारी घरी बसून लिहितो आहे. ओळखपत्र कंपनीला परत दिलं. हिनं आधी डोकं धरलं, मग म्हणाली, निदान आता बाहेरगावी गेलात तर खरंच गेलात असं कळेल. रडली नाही. रडली असती तर सोपं गेलं असतं.

तुझं पत्र वाचून मी कानातल्याकडे गेलो. त्या दिवशी तुला काय दिसलं होतं, असं विचारलं. त्याच्यापुढे सगळ्या कॅमेऱ्यांचे पडदे असतात. त्यानं कठडा तुटताना बघितला होता. म्हणाला, वरून फोन आला, लोकांना घाबरवायचं नाही, सामना चालू ठेवा. मी म्हटलं, अरे, पण बोललो मी. तो म्हणाला, म्हणून तर तुम्हाला ठेवलंय, तुमच्या आवाजावर लोकांचा विश्वास आहे. वाईट माणूस नाही तो. त्याच्याही कानात कुणीतरी आहे.

मी सामन्याच्या वेळी बोलायचं ठरवलं. ज्यांना सांगितलं होतं त्यांनाच सांगायला पाहिजे. पुढच्या सामन्याला बसलो, सुरुवातीला तोंड उघडलं आणि जिभेनं आपोआप सांगितलं, इथे हवा आल्हाददायक आहे. चरकाभोवती फिरणाऱ्या बैलाला दोर सोडला तरी तो गोलच फिरतो, तसं झालं. त्याच्या पुढच्या सामन्यालाही तेच. घरी येऊन देवापुढे बसलो तर त्याच्याकडे वर बघवेना. म्हटलं, वेडंवाकडं जाऊ देऊ नकोस असं मी जन्मभर मागितलं, आता सरळ एक वाक्य जाऊ दे.

मधे सुताराकडे जाऊन आलो. तुला सांगितलं नाही, कारण तुझ्या दारावरून गेलो आणि थांबलो नाही. या वेळी ते खरं आहे. दवाखान्यात त्याच्या खाटेजवळ बसलो आणि सगळं सांगितलं. तो म्हणाला, पडलो तेव्हा मला वाटलं होतं, वर काचेतून तुम्ही बघताय, कुणाला तरी पाठवाल. एवढंच. मग त्यानं तोंड भिंतीकडे केलं.

काल सामना होता. मध्यांतर झालं. कानातला म्हणाला, हवा ढगाळ, घ्या. गोलकीपर पाणी पीत होता. मी माइक जवळ ओढला आणि उभा राहिलो. का ते ठाऊक नाही, शाळेत उत्तर द्यायला उभा राहायचो तसा. आणि म्हणालो:

"तिथे हवा कशी आहे हे मला माहीत नाही. मी मैदानावर नाही. मी एका बंद खोलीत बसून, तुम्ही जो पडदा बघता तोच बघून बोलतो, आणि बरीच वर्षं असंच बोलत आलो आहे. गेल्या महिन्यात कठडा तुटला तेव्हा सगळं शांत आहे असं मी सांगितलं. मी काही पाहिलं नव्हतं. मला सांगायला सांगितलं होतं आणि मी सांगितलं. माझ्यावर विश्वास ठेवून ज्यांच्या घरची माणसं मदतीला न जाता थांबली, त्यांची मी माफी मागतो."

कानात काहीच आलं नाही. त्यांनी गलकाही बंद केला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्या खोलीचा स्वतःचा आवाज ऐकू आला. गोलकीपरनं पेला खाली ठेवला. मला वाटलं, आता हा उठून जाणार. तो माइककडे वाकला आणि म्हणाला, "मीपण याच खोलीत आहे."

मग खेळ सुरू झाला. आमचे माइक कुणी बंद केले नाहीत, का ते कळलं नाही, बहुधा कुणी कुणाला विचारायचं तेच ठरत नव्हतं. पडद्यावर उजव्या कोपऱ्यातून चेंडू आत आला. मी खाली बसलो आणि मला जेवढं दिसत होतं तेवढं सांगितलं.

तुझा
भोंग्या